सशाच्या वाटेवरचा परकोट

चांद्याचं चंद्रपूर होऊन किती वर्षं झाली, पण मूलकडच्या आमच्या गावातले म्हातारे अजून 'चांद्याले जातो' असंच म्हणतात. त्यांच्या चांद्याची हद्द म्हणजे गोंड राजांचा परकोट. साधारण अकरा किलोमीटरची दगडी भिंत. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे चार दरवाजे अन् पाच खिडक्या. त्यातली मसाण खिडकी कशासाठी होती, ते नावच सांगते.

आमचा आजा हा किल्ला सशापासून सांगायचा. खांडक्या बल्लाळशहा राजा बल्लारपूरच्या किल्ल्यात, वर्धेच्या काठी राहायचा. अंगभर खांडकं. शिकारीला निघाला, झरपटीच्या कुंडातलं पाणी प्याला अन् खांडकं गेली. मग तिथंच त्याला ससा कुत्र्याच्या मागं लागलेला दिसला! "सस्यानं कुत्र्याले हाकललं, म्हून राणीनं त्याच वाटेनं परकोट घालाले लावला," आजा सांगे. ससा जिथं शेवटी मेला, तिथून शहराला धोका, हेही त्या कथेतच आहे.

भिंत काही एका राजाच्या हयातीत उठली नाही, पिढ्या लागल्या. 1751 साली राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी तट फोडला, तेव्हा आत अप्पासाहेब भोसल्यांचा किल्लेदार गंगासिंग होता. "तिथंच मेला असन तो ससा," हे आजाचं मत. पुरावा मागितला की तो तंबाखू मळायला घ्यायचा.

अलीकडे गावातल्या एका गोंड मित्रासोबत पठाणपुऱ्याकडून तटावर चढलो. पूर्वी इथं नुसती झुडपं अन् घाण. 2017 पासून 'इको-प्रो'च्या पोरांनी श्रमदानानं बुरूज मोकळे केले. सरकारी फलकापेक्षा त्या फावड्यांचं मोल मला जास्त वाटतं. तरी जागोजागी घरं भिंतीला टेकलेली आहेतच. जटपुऱ्याला तर लोक गर्दीत अडकून हॉर्न वाजवतात. वर हत्तीवर स्वार झालेला गोंडी सिंह कोरलाय, तिकडं मान कोण वर करतो?

मित्रानं मात्र दरवाजाशी चपला काढल्या. अचलेश्वराजवळ राणी हिराईनं बांधलेल्या बीरशहाच्या समाधीपाशी तो बराच वेळ बसला. मग आम्ही कारागृहाकडे गेलो. 21 ऑक्टोबर 1858 ला बाबुराव शेडमाक्यांना तिथं फाशी दिलं. वाटेत एका पोरानं विचारलं, "काका, हा किल्ला कोणाचा? शिवाजी महाराजांचा?"

मित्र हसला. खाली उकिडवा बसला अन् म्हणाला, "ये बाप्पा, बस. एक होता ससा..."