काळा रंग फिका का दिसतो?



एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलींना रंगचक्र पाठ असतं. लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग. त्यातले दोन-दोन मिसळले की नारिंगी, हिरवा, जांभळा. चक्रात समोरासमोर येतात ते विरोधी रंग: लाल आणि हिरवा, निळा आणि नारिंगी, पिवळा आणि जांभळा. पेपरात लिहायला एवढं पुरतं. पण हे समोरासमोरचे रंग शेजारी बसले की एकमेकांचं काय करतात, ते नियमात बसवून दाखवणारा माणूस चित्रकार नव्हता. तो चरबीवर संशोधन करणारा रसायनशास्त्रज्ञ होता, आणि त्याच्यापुढे कारखान्यातली एक तक्रार आली होती.

मिशेल यूजीन शेव्रल हे त्याचं नाव. जन्म 1786 चा, फ्रान्समधला. पॅरिसमध्ये गोबेलँ नावाचा कारखाना आहे. चौदाव्या लुई राजाच्या काळात, 1662 मध्ये तो सरकारी झाला. तिथे टॅपेस्ट्री विणतात, म्हणजे लोकरीच्या रंगीत धाग्यांनी विणलेली, भिंतीवर टांगायची मोठाली चित्रं. 1824 मध्ये शेव्रल तिथल्या रंगाई विभागाचा प्रमुख झाला.

तक्रार काळ्या रंगाची होती. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या चुण्या विणताना सावलीसाठी काळा धागा घालत. तो फिका दिसे, त्यात जोर नसे. मग दोष कुणाचा? रंगाऱ्याचा! भट्टी नीट लागली नाही, रंग कच्चा राहिला, असंच कुणीही म्हणणार. शेव्रलने दुसरीकडच्या कारखान्यांतली काळी लोकर मागवली आणि आपल्या लोकरीशी ताडून पाहिली. गोबेलँच्या काळ्यात काही खोट नव्हती. रंगारी निर्दोष होता. काळ्याला फिकं करत होते ते त्याचे शेजारी.

हे कसं होतं? आपला डोळा निळा रंग पाहतो तेव्हा त्याच्या विरोधी रंगाची, म्हणजे नारिंगीची, झाक शेजारच्या रंगावर चढवतो. प्रत्यक्षात तिथे नारिंगी काही नसतं. पण काळ्यावर ती झाक आली की काळा तांबूस, विटका वाटतो. जांभळ्याशेजारी तो पिवळसर होतो. लालाशेजारी हिरवट. उजळपणाचंही असंच. गडद रंगाशेजारचा फिका रंग आणखी फिका दिसतो, आणि गडद आणखी गडद.

शेव्रलने आपल्या पुस्तकात एका व्यापाऱ्याचा किस्सा दिला आहे. लाल, जांभळ्या आणि निळ्या कापडावर त्याने काळी नक्षी छापायला दिली होती. माल आला तेव्हा त्याला लालावरची नक्षी हिरवी दिसली, निळ्यावरची तांब्याच्या रंगाची. छापणाऱ्यांनी फसवलं म्हणून तो भांडायला उठला. शेव्रलने पांढरा कागद नक्षीच्या आकारात कापला आणि कापडावर असा ठेवला की भोवतालचा रंग झाकला जावा आणि नक्षी तेवढी दिसावी. नक्षी काळीच होती! छापणाऱ्यांची मजुरी आणि अब्रू दोन्ही त्या कागदाच्या तुकड्याने वाचली असणार, असं मला वाटतं.

हा प्रयोग घरी करायला काही खर्च नाही. करड्या कागदाचे दोन सारखे तुकडे कापा. एक लाल कापडावर ठेवा, दुसरा हिरव्यावर. थोडा वेळ पाहा. पहिला हिरवट वाटेल, दुसरा गुलाबीसर. मुलींना मी एवढंच सांगेन, की चित्रात एखादा रंग मनासारखा लागत नसेल तर लगेच तो खरवडू नका. आधी शेजारचा रंग बदलून पाहा. निळ्याशेजारचा काळा तांबूस दिसतोय? काळ्यात थेंबभर निळा घाला.

हे सगळं शेव्रलने 1839 मध्ये जाड पुस्तक करून छापलं. त्यात चित्रकला आहे, बागेतली फुलं आहेत, बायकांचे कपडेही आहेत. गोऱ्या पण निस्तेज चेहऱ्याभोवती फिकट हिरवा रंग असला तर चेहऱ्यावर गुलाबी छटा येते, असं तो लिहितो. गोऱ्या बायका डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं आहे ते, आपल्या सावळ्या रंगाला जसंच्या तसं लावू नये. विरोधी रंग मिसळण्याबद्दलही त्याने लिहिलं आहे. लाल आणि हिरवा शेजारी ठेवले की दोन्ही झळकतात, एकत्र मिसळले की मळकट होतात. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेऊन धूपछाव साधणाऱ्या विणकरांना दोन रंगांची ही निवड हाताने ठाऊक असते. शेव्रलने तिचं गणित मांडलं.

दुकानदारांनाही त्याने सोडलं नाही. गिऱ्हाइकाला लागोपाठ चौदा लाल कापडं दाखवली तर शेवटची सहा-सात त्याला पहिल्या कापडांपेक्षा कमी प्रतीची वाटतात, कापड तेच असलं तरी. लाल पाहून डोळा थकतो. मध्येच हिरवं कापड दाखवावं, म्हणजे डोळा ताजा होतो आणि लाल पुन्हा लाल दिसतं. साड्यांच्या दुकानात गादीवर बसून पंचविसावी लाल साडी नाकारताना हे आठवायला हरकत नाही. हिरवी एक उलगडायला सांगा, आणि मग ती पहिली पुन्हा पाहा.