खेळाडूंची वाटणी : एका नियमाचा इतिहास

मराठीत ‘गडी’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. हुतुतूच्या मैदानावर गडी म्हणजे संघातील खेळाडू, बरोबरीचा सोबती. घरात वा शेतावर गडी म्हणजे वेतनावर राबणारा नोकर. ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि मराठीत कायमचा स्थिरावला. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळीचा लिलाव पुकारला जातो, तेव्हा त्या शब्दाचे परकेपण कोणाच्या ध्यानातही येत नाही. मासळी, जप्तीचा माल, जंगलातील लाकूड ही लिलावाची नित्याची क्षेत्रे होत. २००८ मध्ये मुंबईत क्रिकेटपटूंचा लिलाव झाला आणि या दोन शब्दांची गाठ पडली. आता कोकणातील गावोगावच्या स्पर्धांतही गुणांची बोली लावून खेळाडू घेतले जातात. कोणता खेळाडू कोणत्या संघाकडे जावा, हा प्रश्न वरवर व्यवस्थेचा दिसतो. वस्तुतः तो खेळाडूवर अधिकार कोणाचा, असा आहे. त्या दृष्टीने महाराष्ट्रातील अनुभवाचा विचार करणे उद्बोधक ठरेल.

वाटणीची सर्वांत साधी पद्धत मुलांच्या खेळात आढळते. साधारण समान बळाची दोन मुले जोडी करून बाजूला जातात, आपापसांत गुप्त नावे ठरवितात आणि दोन्ही नायकांपुढे येऊन ‘सूर्य हवा की चंद्र?’ असे विचारतात. नायक नाव निवडतो आणि त्या नावामागचा गडी त्याच्या वाट्यास येतो; पुढच्या जोडीच्या वेळी निवडीचा पहिला मान दुसऱ्या नायकाचा. या रीतीत संघांचा समतोल राखला जातो, आणि समबल कोण हे स्वतः खेळणारेच ठरवितात. सर्वांच्या शेवटी निवडला गेल्याचा कमीपणाही कोणाच्या वाट्यास येत नाही.

संघटित क्रीडास्पर्धांत मात्र प्रथम जन्माचा नियम आला. मुंबईत युरोपियन व पारशी यांच्या सामन्यांना १९०७ मध्ये हिंदू संघाची जोड मिळाली, १९१२ पासून मुसलमानांचा संघ आला आणि १९३७ मध्ये उरलेल्या सर्वांसाठी ‘द रेस्ट’ हा पाचवा संघ निर्माण झाला. येथे निवडीस वावच नव्हता. धर्माने संघ ठरलेला असे. सांगलीत जन्मलेले विजय हजारे ख्रिस्ती असल्यामुळे ‘द रेस्ट’कडून खेळत. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध त्यांच्या संघाने एका डावात केलेल्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या हजारे यांच्या होत्या. तरीही संघ हरला. संघाची दुर्बलता दूर करण्याचा कोणताही उपाय त्या नियमात नव्हता.

संघाच्या आत जन्माचा दुसरा नियम काम करीत होता. पालवणकर हे आडनाव कोकणातील पालवण गावावरून आलेले. त्या चर्मकार कुटुंबातील बाळू पालवणकर हे आपल्या काळातील अग्रगण्य गोलंदाज होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी मिळविले. हिंदू संघाला ते हवे होते. त्या संघाचे कर्णधारपद मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. १९२० मध्ये त्यांना डावलले गेले, तेव्हा विठ्ठल व शिवराम या त्यांच्या बंधूंनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. खेळाडूने संघाला दिलेला नकार हेही नियमांच्या इतिहासाचे एक साधन असते, हे या प्रसंगावरून दिसून येते.

१९३४ मध्ये रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली आणि धर्माची जागा प्रांताने घेतली. प्रांत बदलता येतो, धर्माचा शिक्का तसा बदलता येत नाही. या अर्थाने हे पाऊल पुढचे होते. परंतु प्रांताबरोबरच आश्रयदात्याचे महत्त्व वाढले. इंदूरच्या होळकरांनी सी. के. नायडूंसारखे खेळाडू पदरी बाळगले आणि १९४५-४६ ते १९५२-५३ या अवधीत होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. संस्थाने गेली, त्यांची जागा रेल्वे, बँका व कारखाने यांनी घेतली. कबड्डीपटूलाही मुख्य आकर्षण नोकरीचेच राहिले. मुंबईस चाकरमानी म्हणून गेलेला रत्नागिरीचा तरुण तेथील संघाकडून खेळू लागला की जिल्ह्याचा संघ तेवढा उणा होई. या व्यवस्थेत समतोल नव्हता. मात्र नोकरी पत्करणे वा नाकारणे खेळाडूच्या हाती होते, आणि खेळ संपल्यावरही वेतन चालू राही.

तिसरा नियम किमतीचा. २० फेब्रुवारी २००८ च्या लिलावात प्रत्येक संघास ५० लाख डॉलरांची मर्यादा होती. महेंद्रसिंग धोनी यांच्यावर चेन्नईने १५ लाख डॉलरांची बोली लावली. सर्वांना समान थैली, म्हणून सर्वांना समान संधी, असे या पद्धतीचे समर्थन होते. तरीही सचिन तेंडुलकर यांच्यासारखे पाच खेळाडू आपापल्या शहरांसाठी राखून ठेवण्यात आले. जुना स्थानिक नियम नव्या नियमाच्या पोटात असा शिल्लक राहिला. २०१४ मध्ये प्रो कबड्डी स्पर्धेने हीच पद्धत स्वीकारली. त्या वर्षी राकेश कुमार यांची १२ लाख ८० हजार रुपयांची बोली सर्वोच्च होती. २०१८ मध्ये इराणचे फजल अत्राचली यांच्यासाठी ‘यू मुंबा’ने एक कोटी रुपये मोजले. नोकरीवाचून ज्या खेळाला आधार नव्हता, त्याला लिलावाने प्रतिष्ठा व पैसा दिला, हे नाकारता येणार नाही.

परंतु लिलावात संघाची निवड खेळाडूच्या हाती राहिली नाही. राजस्थानशी नवा करार न करता अन्य संघाशी बोलणी केल्यावरून रवींद्र जडेजा यांना २०१० च्या हंगामात खेळण्यास मनाई झाली. लिलावात विकले गेल्यावर सबळ कारणाशिवाय माघार घेणाऱ्यास दोन हंगामांची बंदी, असा नियम पुढे झाला आणि २०२५ मध्ये इंग्लंडचे हॅरी ब्रूक यांना तो लागू झाला. अखेरच्या बोलीइतकी रक्कम देऊन जुन्या संघाने खेळाडू परत घेण्याची तरतूद क्रिकेट व कबड्डी या दोहोंत आली. तीतही शेवटचा शब्द संघाचाच. अपवाद अदलाबदलीचा. २००९ मध्ये झहीर खान व रॉबिन उथप्पा यांची मुंबई व बंगळूर या संघांत अदलाबदल झाली, तसल्या व्यवहारास खेळाडूची संमती लागते.

हा पेच केवळ आपल्याकडचा नव्हे. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये व्हिक्टोरिया प्रांतात १९१५ पासून खेळाडूच्या वस्तीवरून त्याचा संघ ठरत असे. साउथ मेलबर्न संघ सिडनीस हलविण्यात आला, तेव्हा सिल्व्हिओ फॉस्किनी या खेळाडूने तेथे जाण्यास नकार दिला. १९८३ मध्ये न्यायालयाने ते निर्बंध व्यवसायस्वातंत्र्याला बाधक ठरविले. १९८६ मध्ये तेथे पाळीने निवड करण्याची पद्धत आली, जीत तळाच्या संघास पहिली पाळी मिळते. तरी माजी खेळाडूच्या मुलास वडिलांच्या संघाने घेण्याची सवलत राहिलीच. जन्माचा नियम तेथेही पुरता गेला नाही.

या सर्व इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. धर्म, प्रांत, आश्रय, किंमत हे निकष बदलत गेले. प्रत्येक बदलाच्या समर्थनार्थ संघांच्या हिताचा युक्तिवाद झाला, आणि खेळाडूच्या संमतीचा विचार बहुधा शेवटी झाला. म्हणून बोली, राखीव खेळाडू वा अदलाबदल यांविषयी जेव्हा जेव्हा नवी दुरुस्ती सुचविली जाते, तेव्हा तिला दोन प्रश्न विचारले पाहिजेत : तिने दुर्बल संघ सबल होतो काय, आणि खेळाडूला ‘नाही’ म्हणता येते काय? पहिल्याचे उत्तर होकारार्थी असूनही दुसऱ्याचे नकारार्थी असेल, तर मैदानावरचा गडी दुसऱ्या अर्थाने गडी झाला, असेच म्हणावे लागेल. सूर्य-चंद्राची नावे घेऊन येणाऱ्या मुलांनी हे दोन्ही प्रश्न एकाच रीतीने सोडविले होते.