एकातलं एक म्हणजे शंभर टक्के

पुंडलिकनगरातून बोलतोय, मागे पंख्याचा आवाज येईल, सांभाळून घ्या.

आपल्या विद्यापीठाच्या गेटवर बाबासाहेबांचं नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. नामांतराची ती लढाई इथे घराघरात माहितीये. पण गेटच्या आत खुर्चीवर कोण बसणार, याची लढाई कोर्टात झाली आणि ती चक्क गणिताची होती.

१९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा पक्की केली. मग चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेचा खटला आला. १७ एप्रिल १९९८ ला पाच न्यायाधीशांनी सांगितलं, संवर्गात एकच पद असेल तर ते राखीव ठेवता येणार नाही. एकातलं एक म्हणजे शंभर टक्के. आळीपाळीनेही नाही. युक्तिवाद बिनतोड आहे, मान्य. पण परिणाम बघा ना: कुलगुरू एक, कुलसचिव एक. जितकी वरची खुर्ची, तितकी एकटी.

२०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालय म्हणालं, आरक्षण मोजताना अख्खं विद्यापीठ नको, एकेक विभाग धरा. ५ मार्च २०१८ ला यूजीसीने तसं पत्रक काढलं. रोस्टरमध्ये ओबीसीचा नंबर चौथा, एससीचा सातवा, एसटीचा चौदावा. आता समजा, पाच-पाच पदांचे वीस विभाग आहेत, म्हणजे शंभर पदं. विद्यापीठ धरून मोजलं तर केंद्राच्या टक्केवारीने ओबीसी २७, एससी १५, एसटी ७. विभागवार मोजलं तर पहिल्या भरतीत ओबीसी २०, एससी शून्य, एसटी शून्य! टक्केवारीला कुणी हातही लावला नाही. फक्त लूप कुठून सुरू करायचा, तेवढं बदललं. कोड लिहिणाऱ्यांना कळेल मी काय म्हणतोय. पद रिकामं झालं की नंबर पुढे सरकतो, हे खरं. पण प्राध्यापक रिटायर व्हायला तीस-तीस वर्षं लागतात राव.

जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राचं अपील फेटाळलं. रस्त्यावर आंदोलनं, लोकसभा निवडणूक तोंडावर. ७ मार्चला अध्यादेश निघाला आणि जुलैत कायदा झाला: मोजायचं ते विद्यापीठ धरूनच. मात्र तो केंद्रीय संस्थांपुरता. आपलं विद्यापीठ राज्याचं, त्यामुळे शिक्षक संवर्गासाठी महाराष्ट्राने २०२१ चा वेगळा कायदा केला.

दोन्ही कायदे शिक्षकांच्या पदांचे आहेत. कुलगुरूंची खुर्ची अजून १९९८ च्या त्याच निकालाखाली आहे.