वाटणी, मालकी आणि घरची श्रीमंती : लहान मुलांचा हिशेब

खाऊची वाटणी चुकली की चार वर्षांचं पोरही लगेच म्हणतं, ‘तिला जास्त, मला कमी का?’ स्वतःला जास्त मिळालं की मात्र गप्प.

हा फरक किती सार्वत्रिक आहे, हे सात देशांत तपासलं गेलं. त्यात भारतही होता. निष्कर्ष 2015 मध्ये ‘नेचर’मध्ये आले. दोन मुलं समोरासमोर बसवायची. एकाच्या वाट्याला एक गोळी, दुसऱ्याच्या वाट्याला चार. निर्णय एकानेच घ्यायचा. पटलं तर हिरवी दांडी, नाही तर लाल; लाल ओढली की दोघांनाही काहीच नाही. ‘मला एक, त्याला चार’ हे सातही ठिकाणच्या मुलांनी कधी ना कधी नाकारायला सुरुवात केली, हातची गोळी गमावून! ‘मला चार, त्याला एक’ हे नाकारणं मात्र कॅनडा, अमेरिका आणि युगांडातल्या मोठ्या मुलांतच दिसलं. म्हणून आपली मुलं हावरट ठरत नाहीत. खाऊ टाकून देणं हीच चूक, असंही घरात शिकवलं जातंच की.

नियम मुलांना माहीत असतो. 2013 च्या एका अमेरिकी अभ्यासात तीन वर्षांची मुलंही ‘निम्मं द्यावं’ असं सांगत होती, पण स्टिकर वाटताना जास्त स्वतःकडेच ठेवत होती. सात-आठ वर्षांची मुलं सारखं वाटू लागली.

मालकीबाबत लहानांचा पहिला अंदाज सरळ असतो : खेळणं आधी ज्याच्या हातात दिसलं, त्याचं. पण कष्टही मोजले जातात. दुसऱ्याच्या मातीतून कुणी वस्तू घडवली तर ती घडवणाऱ्याची, असं मोठ्यांपेक्षा छोटी मुलंच जास्त वेळा म्हणतात, हे 2010 च्या एका प्रयोगात दिसलं.

श्रीमंतीपुढे हा कष्टाचा हिशेब कुठे जातो कोण जाणे. अमेरिकेतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना, ज्यांच्याकडे जास्त आणि चांगल्या वस्तू आहेत अशी मुलं अधिक आवडली. वस्तू आईबापांच्या पैशाच्या, आवड मात्र मुलाच्या वाट्याला. मोठ्यांचा कायदाही फार वेगळा नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मतःच, हे तत्त्व विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरा’तलं. तो कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यातला; कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. मुलींना हा हक्क देशभर मिळायला 2005 ची कायदादुरुस्ती यावी लागली.