समांतर पृथ्वीवरचा जुळा : कॉमिक्समधील एका कथाप्रकाराचा इतिहास

सुपरहीरोची गाठ दुसऱ्या विश्वातल्या त्याच्याच जुळ्याशी पडते आणि तो जुळा आतून मोडलेला किंवा सूडाने पेटलेला निघतो, हा अमेरिकन कॉमिक्समधला आता चांगला रुळलेला कथाप्रकार आहे. या जुळ्याची गल्लत तोतयाशी करू नये. तोतया दुसऱ्याचे सोंग आणतो आणि सोंग उघडे पडले की गोष्ट संपते. समांतर विश्वातला जुळा खरोखरच तोच माणूस असतो. जन्म तोच, शक्ती तीच, बहुतेक वेळा आईवडीलही तेच. आयुष्यातला एखादा प्रसंग तेवढा वेगळा घडलेला असतो. त्याला हरवून नायकाची सुटका होत नाही, कारण आपणही असेच झालो असतो का, हा प्रश्न मागे उरतो.

या कथाप्रकाराचा उगम मात्र धंद्याच्या अडचणीत आहे. पुढे डीसी या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रकाशनसमूहाने १९४० च्या जानेवारीत ‘फ्लॅश कॉमिक्स’ सुरू केले. त्यात लेखक गार्डनर फॉक्स आणि चित्रकार हॅरी लॅम्पर्ट यांनी जे गॅरिक हा विजेच्या वेगाने धावणारा नायक आणला. दुसरे महायुद्ध संपल्यावर सुपरहीरोंची मागणी ओसरली आणि १९४९ मध्ये ते मासिक बंद पडले. १९५४ मध्ये कॉमिक्स उद्योगाने स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि भीषण गुन्हेकथा व भयकथा जवळजवळ हद्दपार झाल्या. मोकळ्या झालेल्या जागेत संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी जुनी नावे नव्याने वापरायला घेतली. १९५६ च्या ‘शोकेस’ क्रमांक ४ मध्ये बॅरी ॲलन हा नवा फ्लॅश आला. त्याचा वेश वेगळा, शहर वेगळे, चरित्रही वेगळे. पहिल्याच गोष्टीत तो जे गॅरिकचे जुने कॉमिक वाचताना दिसतो, म्हणजे त्याच्या जगात जुना फ्लॅश हे निव्वळ छापील पात्र होते. जुन्या फ्लॅशचे वाचक मात्र अजून होते, आणि त्यांना आपला नायक हवा होता.

श्वार्ट्झ तरुणपणी विज्ञानकथालेखकांचे एजंट होते. समांतर काळप्रवाहांची कल्पना त्या वर्तुळात मुरलेली होती. मरे लाइन्स्टर यांची ‘साइडवाइज इन टाइम’ ही कथा १९३४ मध्येच प्रसिद्ध झाली होती. भौतिकशास्त्रात ह्यू एव्हरेट यांनी अनेक विश्वांकडे नेणारी मांडणी १९५७ मध्ये केली. पण कॉमिक्सवाल्यांनी ही कल्पना विज्ञानकथांच्या स्वस्त मासिकांतून घेतली असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. खुद्द कॉमिक्समध्येही १९५३ मध्ये वंडर वुमन एका जुळ्या पृथ्वीवर जाऊन आपल्या प्रतिरूपाला भेटली होती. त्या गोष्टीचा पुढे काही धागा राहिला नाही.

धागा राहिला तो सप्टेंबर १९६१ च्या ‘द फ्लॅश’ क्रमांक १२३ चा. कथा फॉक्स यांची, चित्रे कार्माइन इन्फँटिनो यांची. मुखपृष्ठाच्या मधोमध विटांची उभी भिंत आहे. वरून तुळई कोसळते आहे आणि खाली सापडलेला माणूस मदतीसाठी ओरडतो आहे. भिंतीच्या एका अंगाने जे गॅरिक आणि दुसऱ्या अंगाने बॅरी ॲलन वाचकाच्या दिशेने धावत येतात. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. आत, मुलांच्या कार्यक्रमात दोरावर चढण्याची जादू करताना बॅरी इतक्या वेगाने कंप पावतो की तो थेट दुसऱ्या पृथ्वीवर पोचतो. तिथे तो टेलिफोन डिरेक्टरीत जे गॅरिकचा पत्ता शोधतो आणि दार वाजवतो. दार उघडणारा माणूस वयाने थोराड, कानशिलांवर पिकलेला, संसारात स्थिरावलेला आहे. दोन्ही पृथ्व्या एकाच जागेत आहेत, फक्त त्यांचा कंप वेगळा आहे, असा खुलासा बॅरी करतो. फॉक्स यांनी स्वतःलाही त्यात गोवून घेतले: त्या पृथ्वीवरच्या घटना लेखकाला स्वप्नात दिसत आणि तो त्या कॉमिक्स म्हणून लिहून काढी. पंचवीस पानांच्या या गोष्टीत दोन नायकांमध्ये वैर नाही, उलट धाकट्याला थोरल्याविषयी आदर आहे. पुढच्या साऱ्या अंधाऱ्या गोष्टी या सौजन्याच्या भेटीतून निघाल्या.

पहिली उलटी छटा १९६४ मध्ये आली. ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’ च्या २९ आणि ३० क्रमांकांच्या अंकांत फॉक्स आणि चित्रकार माइक सेकॉव्स्की यांनी ‘अर्थ-थ्री’ उभी केली. तिथला इतिहासच उलटा आहे. कोलंबस अमेरिकेतून निघून युरोप शोधतो आणि लिंकन हा अध्यक्षाला गोळी घालणारा नट आहे. तिथे सुपरमॅनच्या जागी अल्ट्रामॅन आणि बॅटमॅनच्या जागी आऊलमॅन आहेत, आणि सगळेच गुन्हेगार. क्रिप्टोनाइटने सुपरमॅन दुबळा होतो, तर अल्ट्रामॅनला त्यातून दर वेळी नवी शक्ती मिळते. शेवटी नायक या टोळीला दोन पृथ्व्यांच्या मधल्या पोकळीत कोंडून ठेवतात. कल्पना रंगतदार आहे, पण नैतिकदृष्ट्या पोकळ. जो मुळातच वाईट आहे त्याच्यापासून नायकाला काही शिकायचे नसते. १९६७ मध्ये ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या ‘मिरर, मिरर’ या भागाने हीच युक्ती दूरचित्रवाणीवर नेली, आणि दुष्ट जुळ्याची दाढी तेव्हापासून प्रेक्षकांच्या लक्षात बसली.

खरे वळण ‘मार्व्हल’ या प्रतिस्पर्धी संस्थेत मिळाले. लेखक रॉय टॉमस यांनी १९७१ मध्ये डीसीच्या नायकांवर बेतलेली ‘स्क्वॉड्रन सुप्रीम’ ही दुसऱ्या पृथ्वीवरची टोळी आणली होती. मार्क ग्रुएनवाल्ड यांनी १९८५-८६ च्या बारा अंकांत तिचे सोने केले. आपले उद्ध्वस्त जग सावरायचे म्हणून हे सज्जन नायक सत्ता हाती घेतात, शस्त्रे काढून घेतात, गुन्हेगारांची मने यंत्राने बदलतात. बॅटमॅनसारखा नाइटहॉक या मार्गाला विरोध करून बाहेर पडतो आणि जुन्या मित्रांविरुद्ध उभा ठाकतो. हेतू शुद्ध ठेवूनही नायक हुकूमशहा होऊ शकतो, हे मुख्य प्रवाहातल्या कॉमिक्सने इतक्या विस्ताराने प्रथमच मांडले. ग्रुएनवाल्ड यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थी या मालिकेच्या पुस्तकाच्या छपाईच्या शाईत मिसळण्यात आल्या.

त्याच सुमारास डीसीने आपल्या पृथ्व्यांचा पसारा आवरायला घेतला. मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांच्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या बारा अंकांच्या मालिकेत (१९८५-८६) सगळ्या पृथ्व्या मिळून एकच उरली. तिच्या अखेरीस चौघेजण एका स्वर्गसदृश जागी निवृत्त झाले. त्यांतला एक सुपरबॉय-प्राइम. हा मुलगा ‘अर्थ-प्राइम’ चा, म्हणजे वाचकाच्याच जगाचा. तिथे सुपरमॅन फक्त कॉमिक्समध्ये असतो. त्याचे घर, आईबाप, मैत्रीण, पृथ्वी, सगळे नष्ट झाले होते आणि त्याग करून तो चांगला ठरला होता.

वीस वर्षांनी, ‘इन्फिनिट क्रायसिस’ (२००५-०६) मध्ये, लेखक जेफ जॉन्स यांनी त्याला परत आणले. त्या स्वर्गातून तो उरलेल्या जगाकडे पाहत राहिला आणि आपण ज्यांच्यासाठी सर्वस्व दिले ते नायक भांडखोर आणि निर्दय निघाले, या विचाराने कुढत गेला. चौथ्या अंकात तो सुपरमॅनच्या गावी, स्मॉलव्हिलला जाऊन कॉनर केंट या दुसऱ्या सुपरबॉयवर तुटून पडतो. आपले आयुष्य त्याने बळकावले असे त्याला वाटते. मित्र कॉनरच्या मदतीला धावतात. झटापटीत प्राइमच्या एका फटक्याने पँथा या नायिकेचे मुंडके उडते आणि क्षणभर तो स्वतःच हादरतो. मग तो रडत-ओरडत दोष इतरांना देतो: तुम्हीच मला तुमच्यासारखे केले. सहाव्या अंकात कॉनर मरतो. सातव्यात दोन पृथ्व्यांचे दोन सुपरमॅन प्राइमला लाल सूर्यातून ओढत नेतात. तिघांची शक्ती ओसरते, म्हातारा सुपरमॅन प्राइमच्या मारानेच प्राण सोडतो आणि उरलेला त्याला ठोशांनी लोळवतो. कैदेत पडलेला प्राइम स्वतःच्या छातीवर ‘एस’ कोरतो. जुने दिवसच खरे मानून नव्याचा द्वेष करणाऱ्या वाचकाचे हे चित्र आहे, असे अनेक समीक्षकांनी म्हटले आणि ते पटण्यासारखे आहे. तरीही प्राइमच्या दुःखाला खरा आधार आहे, आणि म्हणून अल्ट्रामॅनपेक्षा तो कितीतरी जास्त अस्वस्थ करतो.

या कथाप्रकारातली सर्वांत मोलाची कृती मात्र ॲनिमेशनमध्ये झाली. ‘जस्टिस लीग’ मालिकेच्या ‘अ बेटर वर्ल्ड’ या दोन भागांच्या कथेत (२००३) फ्लॅशचा खून झाल्यानंतर एका पृथ्वीवरचा सुपरमॅन अध्यक्ष झालेल्या आपल्या जुन्या शत्रूला, लेक्स ल्युथरला, ठार मारतो. त्यानंतर नायकांची राजवट येते. गुन्हे थांबतात, निवडणुकाही थांबतात. बॅटमॅनच्या गुहेत दोन बॅटमॅन लढता लढता वाद घालतात. राजवटीतला बॅटमॅन म्हणतो की या जगात कुठल्याही आठ वर्षांच्या पोराचे आईबाप यापुढे रस्त्यावर मारले जाणार नाहीत. त्यावर आपल्या बॅटमॅनजवळ उत्तर नाही. तो हत्यार खाली टाकतो. दोघांच्याही आयुष्यातली जखम एकच आहे, म्हणून युक्तिवाद थेट वर्मी लागतो. पुढे उत्तर सापडते ते साध्या गोष्टीतून: गाडीतून जाताना हॉटेलात बिलावरून कुरकुर करणाऱ्या गिऱ्हाइकाला पोलीस पकडून नेताना दिसतात. २०१३ चा ‘इनजस्टिस’ हा व्हिडिओ गेम याच वाटेने गेला. त्यातला सुपरमॅन जोकरच्या कपटाने स्वतःच्या हातून पत्नी गमावतो आणि जुलमी होतो.

२०११ च्या ‘फ्लॅशपॉइंट’ या कॉमिक्स मालिकेने गोष्ट आणखी घरगुती केली. बॅरी भूतकाळात जाऊन आपल्या आईला वाचवतो आणि सगळा काळच बिघडतो. बॅटमॅनच्या बदललेल्या गॉथम शहरात गल्लीत गोळी लागून लहानगा ब्रूस, म्हणजे मूळ जगातला बॅटमॅन, मेला आहे आणि खून करायला न कचरणारा बॅटमॅन म्हणून वावरतो आहे तो त्याचा बाप, टॉमस वेन. शेवटी टॉमस मुलाला पत्र लिहितो, बॅरी ते मूळ जगातल्या ब्रूसपर्यंत पोचवतो आणि ब्रूस रडतो.

मराठी वाचकाला समांतर जगाची कल्पना परकी नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ मध्ये पानिपत मराठ्यांनी जिंकलेले जग भेटते. सुपरहीरोंच्या पृथ्व्यांमध्ये मुंबईची भर २००४ मध्ये पडली. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी पवित्र प्रभाकर हा मुंबईचा स्पायडरमॅन निर्माण केला. तो २०२३ च्या ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटात आला आणि हा चित्रपट भारतात मराठीसह अनेक भाषांत प्रदर्शित झाला. त्यात चित्रपटाचा नायक माइल्स मोरालेस याला कळते की त्याला चावलेला कोळी मुळात दुसऱ्या पृथ्वीचा होता. त्यामुळे त्या जगाला स्पायडरमॅन मिळालाच नाही. चुकून तो तिथेच जाऊन पडतो. तिथे त्याचे वडील वारलेले आहेत आणि तिथला माइल्स ‘प्राउलर’ नावाचा गुन्हेगार झाला आहे. बांधून ठेवलेला माइल्स स्वतःच्याच चेहऱ्यासमोर उभा असताना चित्रपट त्याची गोष्ट अर्धवट सोडतो. त्यांचा पुढचा सामना तिसऱ्या भागासाठी राखून ठेवला आहे.