एकट्याची होडी आणि बोरीचे पाणी

कॅनडातील ॲल्गॉनक्विनसारख्या वनप्रदेशात हलक्या, अरुंद होडीत तंबू व शिधा घेऊन एकट्याने तळ्यामागून तळे पार करण्याची परंपरा आहे. दोन तळ्यांमधील वाट होडी खांद्यावर घेऊन चालावी लागते. अवर्षणप्रवण धाराशिव जिल्ह्यात तळ्यांची अशी नैसर्गिक साखळी नाही. येथील जलाशय प्रामुख्याने मानवनिर्मित आणि पावसावर अवलंबून असलेले आहेत.

त्यांतील ऐतिहासिक जलाशय सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील नळदुर्ग किल्ल्यात आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ मध्ये, बोरी नदीवर दगडी बंधारा बांधण्यात आला. त्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. वरच्या अंगाचे बोरी धरण भरून वाहू लागले, की किल्ल्यातील पाणी ‘नर’ व ‘मादी’ या सांडव्यांवरून कोसळते. महाल मात्र कोरडा राहतो.

हा सोहळा पावसाळ्याचा. धोकाही त्याच दिवसांत अधिक. सांडव्याकडे पाण्याला ओढ असते आणि एकट्या वल्हेकऱ्याच्या मदतीला कोणी नसते. म्हणून पाणी वाहत असताना होडी घालू नये. एरवीही परवानगी व जीवरक्षक जाकीट अनिवार्य समजावे. किल्ला संरक्षित स्मारक असल्याने तंबू तटाबाहेरच ठोकावा.