महागावकडील घरचे तिखट : उगम, हात आणि चढाओढ

ज्ञातीच्या वार्षिक अंकातून इतिहास लिहावयाचा म्हटला की वंशावळी, कुलदैवते, जुन्या सनदा आणि कर्तबगार पुरुषांची चरित्रे यांकडे लेखकाची दृष्टी प्रथम वळते. ते योग्यच होय. परंतु ज्या अन्नावर हे पुरुष वाढले, त्या अन्नाचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. वंशावळीत आजीचे नाव नसते. तिच्या हातच्या मसाल्याची आठवण मात्र नातवंडांच्या जिभेवर दोन पिढ्या टिकून राहते. या विसंगतीकडे लक्ष वेधावे व महागावकडील घरोघरच्या तिखटाची, आणि त्यावरून चालणाऱ्या गोड चढाओढीची, थोडी हकीगत बंधुभगिनींपुढे ठेवावी, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेखप्रपंच आरंभिला आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. महागाव हा यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगास, नागपूरहून नांदेडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील तालुका. पूस नदी या बाजूने जाऊन पैनगंगेस मिळते. हा मुलूख पूर्वी वाशीम जिल्ह्यातील पुसद तालुक्याबरोबर नांदे; १९०५ साली वाशीम जिल्हा मोडला आणि पुसद यवतमाळकडे आले. पैनगंगेच्या पलीकडचा तीर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. म्हणजे उत्तरेस वऱ्हाडची ज्वारी व कापूस, दक्षिणेस मराठवाडा आणि त्याही पलीकडे तेलंगणाची आंबट-तिखट चव, अशा सीमेवर हा प्रदेश वसलेला आहे. पलीकडे माहूरगडावर रेणुकामातेचा प्रसाद म्हणून कुटलेला तांबूल मिळतो. खल आणि बत्ता यांचा आवाज या भागात देवाच्या दारापासून घराच्या ओसरीपर्यंत सारखाच परिचयाचा आहे.

आपल्याकडे जो तो म्हणतो की, "आमचा मसाला पिढीजात आहे." हे म्हणणे खरे आहे, पण त्या पिढ्या किती, हे पाहू गेल्यास मौज वाटते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन आहे. त्यात मिरे आहेत, हिंग आहे, आले आहे, मिरची नाही. असणार तरी कशी? मिरचीचे मूळ घर अमेरिका खंड. कोलंबस १४९२ साली तिकडे पोहोचल्यानंतर ही वनस्पती युरोपास ठाऊक झाली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्यांच्या गलबतांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. तोवर आपल्या पूर्वजांचा तिखटपणा मिरे, पिंपळी आणि सुंठ यांवरच भागत असे. नव्या पाहुणीस नावही आपण जुन्या मिऱ्यावरूनच दिले, आणि नाव आपले पडताच ती घरची झाली.

मिरे मलबारातून विकत आणावे लागे. मिरची मात्र परसात चार रोपे लावली तरी येई. श्रीमंतांच्या ताटातील तिखटपणा गरिबाच्या भाकरीवर आला तो या सोयीमुळे. भाकरी, मीठ, कांदा आणि ठेचा एवढ्यावर दुपार काढून कापसाच्या शेतात राबणाऱ्या वऱ्हाडी माणसास मिरचीने केवढा आधार दिला, हे निराळे सांगणे नको.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. शिमगा उलटला व ऊन कडक झाले की वर्षाच्या तिखटाची तयारी सुरू होते. मिरची निवडून घ्यावयाची, डागी व पांढरी पडलेली बाजूस सारावयाची, आणि हातात धरताच खुळखुळेल इतकी वाळवावयाची. ओल राहिली तर पावसाळ्यात बुरशी आलीच म्हणून समजावे. मग देठ खुडणे. हे काम दिसते सोपे, परंतु दिवसभर देठ खुडणाऱ्या बाईचे हात रात्रीपर्यंत जळतात. भिवापूर-उमरेडकडे मिरचीचे मोठे सातरे असतात. तेथे शेकडो बाया याच कामावर पोट भरतात. आपल्या ताटातील तांबड्या रंगामागे त्यांच्या बोटांची आग आहे, हे विसरता कामा नये.

यापुढे घराघराची वाट वेगळी होते. कोणी मिरची तेलाचा हात लावून मंद आचेवर परतते, कोणी उन्हावरच भिस्त ठेवते. आच थोडी चढली तर रंग काळवंडतो व चव कडवट होते. कमी पडली तर वास उमलत नाही. नंतर उखळ-मुसळाचे कांडण, चाळणे, चाळणीवरचा चाळ पुन्हा उखळात घालणे. शेवटी खडेमीठ व हिंगाचा खडा घालून चिनी मातीच्या बरणीत दाबून भरावयाचे आणि तोंडास दादरा बांधावयाचा.

जुन्या गृहिणी दोन जातींच्या मिरच्या मिसळीत. एक रंगासाठी, एक तिखटपणासाठी. रसायनशास्त्र त्यांनी वाचले नव्हते, परंतु त्यांचा निर्णय शास्त्रशुद्ध होता. मिरचीचा रंग आणि तिखटपणा ही दोन वेगळ्या द्रव्यांची कामे आहेत. तिखट द्रव्यास १८७६ साली थ्रेश या इंग्रज रसायनज्ञाने कॅप्सेसिन हे नाव दिले, आणि १९१२ मध्ये अमेरिकेतील स्कोव्हिल याने तिखटपणा मोजण्याची रीत बसविली. हे द्रव्य बियांपेक्षा मिरचीच्या आतील पांढऱ्या शिरेत अधिक असते. ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. ठसका लागलेल्या मुलास पाणी न देता दूध किंवा तुपाचे बोट देणारी आजी हेच शास्त्र आचरीत होती.

साध्या तिखटाहून निराळा तो काळा मसाला. धने, खोबरे, खसखस, तीळ, दगडफूल, दालचिनी, तेजपान, लवंग, शहाजिरे, नागकेशर, जायपत्री : या यादीतील निम्म्याहून अधिक जिन्नस वऱ्हाडात पिकतच नाहीत. मग ते येथील बरणीत आले कसे? आमचे अनुमान असे की कापसाच्या पैशाने ते आणले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले, तेव्हा वऱ्हाडच्या कापसास सोन्याचे मोल आले; १८६७ मध्ये रेल्वे नागपूरास पोहोचली आणि मुंबईचा किराणा आतल्या बाजारपेठांपर्यंत येऊ लागला. ज्या परखंडाने मिरची दिली, त्याच्याच युद्धाने मसाल्यास ऐपत दिली, हा योगायोग चिंतनीय आहे.

आता चढाओढीविषयी. हिचे स्वरूप वऱ्हाडी वानोळ्याच्या रीतीत सापडते. नवे तिखट झाले की शेजारी व सोयऱ्यांकडे वाटीभर पाठवावयाचे. आणि आलेली वाटी रिकामी परत करावयाची नाही, हा शिरस्ता. तेव्हा वाटी परत येई ती पलीकडच्या घरचे तिखट घेऊन. आव्हान आणि प्रत्युत्तर एकाच वाटीतून चालत असे! "जाऊबाई, रंग फार छान आला हो, धने मात्र जरा मागे राहिले," एवढ्या एका वाक्यावर पुढल्या वर्षीच्या मसाल्याचे प्रमाण बदलत असे. पंच म्हणून जावई, मुक्कामी पाहुणा किंवा शेतावरचा गडी. कसोट्या ठरलेल्या : रस्स्यावर तर्री तांबडी आली पाहिजे, वास दारापर्यंत गेला पाहिजे, तिखटपणा जिभेवर एकदम न चढता मागून आला पाहिजे. आणि खरी परीक्षा काळाची. पुढच्या शिमग्यापर्यंत बरणीत पोरकिडा लागता कामा नये.

या देवघेवीचा एक सामाजिक अर्थ आहे. ज्या काळी एका ज्ञातीच्या हातचे शिजलेले अन्न दुसरीस चालत नसे, त्या काळीही शिध्याच्या ताटात डाळ-पिठाबरोबर तिखट-मीठ जातच असे. जी भाजी उंबरठा ओलांडू शकत नव्हती, तिची चव कोरड्या तिखटाच्या रूपाने ओलांडून गेली. म्हणून अमुक मसाला केवळ अमक्या ज्ञातीचा, असे छातीठोकपणे म्हणणे कठीण आहे. तथापि हेही नमूद केले पाहिजे की वानोळ्याची वाटी गावातील प्रत्येक दाराशी पोहोचत नव्हती. १९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. वाटीनेही त्या सर्व दारांशी जाणे, हे आपल्या पिढीचे कर्तव्य आहे.

अशी चढाओढ केवळ आपल्याकडेच आहे असे नव्हे. अमेरिकेच्या टेक्सास प्रांतात मांस आणि मिरचीचा 'चिली' नावाचा रस्सा करतात. तो उत्तम कोण करतो यावर विक फाउलर आणि एच. ॲलन स्मिथ या दोघा पत्रकारांत वाद जुंपला आणि १९६७ साली टर्लिंग्वा या ओसाड पडलेल्या पाऱ्याच्या खाणीच्या गावी त्यांचा जाहीर सामना झाला. निकाल बरोबरीचा! पुढे तेथे दरवर्षी मेळा भरू लागला आणि ओसाड गाव जगास ठाऊक झाले. आमच्या गृहिणींचा सामना मात्र वाटीतच राहिला, त्याची नोंद कोठेच झाली नाही.

नोंद न होण्यास आपला स्वभावही कारण आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये छापून निघाले; तेव्हापासून मराठीत पाकशास्त्राची पुस्तके होत आली. तरीही घरचे माप अदमासावरच राहिले, आणि प्रमाण विचारले असता एखादा जिन्नस मुद्दाम गाळून सांगण्याची खोडही काही घरी होतीच. चढाओढीत ते शोभून दिसे. परंतु सून शिकण्याआधी सासू गेली की तो जिन्नसही तिच्याबरोबर गेला. शत्रूने न लुटलेले धन आपणच असे गमावले.

आज उखळाच्या जागी कांडपयंत्र आले आहे. त्यात वाईट काहीच नाही, बायांचे कष्ट वाचले. पुडीतील मसालाही दुकानोदुकानी मिळतो. परंतु पुडीतले तिखट वानोळा म्हणून कोणी पाठवीत नाही, आणि वाटी थांबली की परीक्षाही थांबते. भिवापुरी मिरचीस भौगोलिक मानांकन मिळाले, हे भूषणच. पण संकरित वाणांपुढे तिचे क्षेत्र आकसले आहे. मानांकन नावाचे रक्षण करते. चवीचे रक्षण ती मागणाऱ्या घरांनीच करावयाचे असते.

तेव्हा आमची नम्र सूचना अशी. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीजवळ बसून यंदाच्या मसाल्याचे प्रमाण वजनासह लिहून घ्यावे. मिरची कोणती, आच किती, कोणता जिन्नस आधी व कोणता मागून, हे सारे टिपावे, आणि वर तिचे संपूर्ण नाव घालावे. अशी टिपणे पुढील अंकाकडे आली तर ती आम्ही आदराने छापू. कोणाचे उत्तम, हा निर्णय आम्ही देणार नाही. तो वाद शंभर वर्षे चालू राहावा, हीच आमची इच्छा आहे.